चाळिसावी रात्र

सोलापुरातल्या एका तरुण लेखिकेचा प्रश्न आलाय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्या दोन अंकी नाटक लिहीत आहेत. काळ १९६२-६३. नायक कापड गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, अजून कायम नाही, बदलीवर. नायिका बार्शीकडची, सातवी पास. वैशाखात लग्न होतं, दोघांचा एकमेकांवर जीव जडतो, पण शरीरानं जवळ येणं जमत नाही. पहिला अंक पहिल्या रात्रीवर संपतो. दुसऱ्या अंकात नायिकेच्या लहानपणी मामानं केलेला अत्याचार उघड होतो आणि शेवटी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर दोघांची ताटातूट होते. त्यांचं विचारणं असं, की पहिली रात्र दाखवायची कशी? बीभत्स होऊ नये आणि अंधार करून पळ काढल्यासारखंही वाटू नये. शिवाय आपल्या गावच्या प्रेक्षकाला हे झेपेल का?

झेपेल. या गावात दर संक्रांतीला हजारो माणसं एका अशा लग्नाला अक्षता टाकायला जमतात, ज्या लग्नात संसार झालाच नाही. त्यांना हा विषय परका नाही. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण तुमच्या संहितेत तो धागा अगदी हाताशी असून सुटलेला आहे.

आधी पहिल्या रात्रीबद्दल. मी बरीच वर्षं नाटकं लिहिते आणि बसवते, त्यावरून सांगते की तुमचं नाटक त्या रात्री सुरू होत नाही. ठरवून झालेल्या लग्नात तेव्हा दोघांनी एकमेकांना धड पाहिलेलंही नसायचं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीची मान खाली, मुलाची नजर चहाच्या बशीत. त्या रात्री काही घडलं नाही तर प्रेक्षकाला धक्का बसत नाही. तो मनात म्हणतो, होईल हळूहळू. हे ‘हळूहळू’ संपत येतं तिथं नाटक सुरू होतं. समजा चाळिसावी रात्र आहे. घराला अंदाज आलाय, कोणी बोलत नाही. दोघं आता एकमेकांना ओळखतात. तिला त्याच्या पायांचा आवाज कळतो, त्याला तिचं भाकरीचं पीठ मळणं आवडतं. म्हणजे अनोळखीपणाची सबब संपली. प्रेम आहे आणि तरी अंग आखडतं. ही रात्र लिहायला कठीण आहे आणि तुमचं नाटक तिच्यातच आहे. पहिली रात्र पाच मिनिटांत उरका.

आता खोली मोजा. संहितेत ‘चाळीतील एक खोली’ एवढंच लिहिलंय. तेवढ्यानं भागणार नाही. समजा दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, तिच्याशेजारी चूल किंवा शेगडी. लोखंडी खाट एकच, ती सासऱ्यांची. सासू खाली, तिच्याजवळ लग्नाची नणंद. धाकटा दीर दाराशी. उरलेल्या जागेत नव्या जोडप्याची वळकटी, मध्ये दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. हा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक प्रसंगाआधी समोर ठेवा. तुमची बरीच वाक्यं आपोआप गळतील, कारण ती या खोलीत मोठ्यानं बोलता येण्यासारखीच नाहीत.

वैशाखातलं लग्न तुम्ही निवडलंत ते फार बरं केलंत, पण त्याचा उपयोग केलेला नाही. सोलापूरचा मे महिना. पारा बेचाळीस-त्रेचाळिसावर. खोलीत झोपणं अशक्य, म्हणून सगळी चाळ अंथरुणं घेऊन अंगणात. आणि या दोघांनी तेवढं आत झोपायचं! म्हणजे लोक दूर गेले, एकांत मिळाला, पण तो सगळ्या अंगणाच्या नजरेसमोर मिळाला. आतून कडी लागली की तिचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जातो. उकाड्यानं दार उघडलं तरी दहा जणांना कळतं की दार उघडलं. मग मृग येतो, पाऊस पडतो आणि सगळे आत येतात. आता एकांतच नाही. मला विचाराल तर तुमच्या पहिल्या अंकाचा शेवट इथं आहे. पावसाची पहिली सर, अंगणातली धावपळ, गाद्या-गोधड्या छातीशी धरून घरची माणसं दारात उभी, आणि आत या दोघांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव. दोघांच्याही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची सुटका दिसते. अंक संपवा.

हे घर दुष्ट नाही, एवढं मात्र जपा. सासूला खलनायिका करण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती स्वतः याच लुगड्याच्या पडद्याआड राहिलेली बाई आहे. ती एखाद्या दिवशी म्हणते, ‘आज आम्ही सगळे पेठेत वन्संकडं जातो झोपायला, उशीर होईल, उद्याच येऊ.’ ही तिची माया आहे. पण त्या मायेनं रात्रीची तारीख ठरली, आणि तारीख ठरली की दोघंही परीक्षेला बसल्यासारखे होतात. सकाळी सासू परत येते, काही विचारत नाही. फक्त सुनेनं डोक्यावरून पाणी घेतलंय का, हे तिच्या ओल्या-कोरड्या केसांवरून बघते. त्या काळच्या अनेक घरांत ही नजर होती. ‘काय गं, काही झालं का?’ हे तुमचं वाक्य काढून टाका, ती नजर ठेवा.

असाच दुसरा तपशील मासिक धर्माचा. चार दिवस बाजूला बसायचं, शिवायचं नाही, हे घरभर माहीत असायचं. ‘कावळा शिवला’ म्हटलं की त्या चार दिवसांत सुनेला कोणी काही म्हणणार नाही. तुमची नायिका घाबरलेली आहे, हुशार आहे, सातवी शिकलेली आहे. ती एकदा खोटंच सांगते की मी बाजूला आहे. चार रात्रींची मोकळीक मिळते. पण सासूच्या डोक्यात महिन्याचा हिशेब पक्का. पुढच्या वेळी तारीख जुळत नाही. सासूच्या लक्षात येतं, ती आधी हरखते, तिला वाटतं दिवस गेले. गोड बातमी शेजारी जाते. आता नायिकेला एक तर खोटं कबूल करायचंय, नाही तर नसलेली बातमी सांभाळायचीय. इथं एकाही मोठ्या भाषणाची गरज लागणार नाही.

आता नायक. तो तुमच्या संहितेत फक्त समजूतदार आहे. अशी माणसं रंगमंचावर फर्निचर होतात. त्याला त्याची भीती द्या. तो बदलीवर आहे, म्हणजे सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, कोणी कामावर आलं नसेल तर साचा मिळणार, नाही तर डबा तसाच घेऊन परत. असा माणूस घरी येऊन पडद्याआड पुन्हा एकदा ‘आपल्याला जमेल का’ या प्रश्नाला तोंड देतो. भीतीनं पुरुषाचं शरीरही साथ सोडतं. काळजी वाढली की शरीर पळायच्या नाही तर लढायच्या तयारीला लागतं, आणि त्या तयारीत ताठरता टिकत नाही. हे साधं शरीरशास्त्र आहे. गिरणीतल्या दोस्तांनी कानात भरलेलं शौर्य एका बाजूला आणि हा अनुभव दुसऱ्या बाजूला. अडचण तिची का त्याची, हे तुम्ही लेखक म्हणून ठरवून टाकू नका. एका रात्री तिचं अंग आखडतं, दुसऱ्या रात्री ती तयार असते आणि तो थिजतो. दोघंही मनात स्वतःलाच दोष देतात आणि दुसऱ्याला वाटतं की दोष मला दिला जातोय.

साचेखात्याचा एक तपशील तुमच्या नाटकासाठी सोन्यासारखा आहे. शेकडो साचे एका वेळी खडखडत असताना बोलणं ऐकू येत नाही. विणकर खुणांनी बोलतात, ओठांवरून शब्द ओळखतात, आणि बोललेच तर ओरडून बोलतात. वर्षानुवर्षं तिथं काम केलेल्या माणसाला कुजबुजणं अवघड जातं. त्याचा हळू आवाजही इतरांना मोठा वाटू शकतो. आता हा माणूस लुगड्याच्या पडद्याआड बायकोशी बोलतोय. मी असं काही लिहिलं असतं:

तो : झोपलीस?
(पडद्यापलीकडून खोकला. खाट करकरते.)
सासरे : काय रे? काय झालं?
तो : काही नाही, दादा. पाणी.
(ती उठते. माठापाशी जाते, तांब्या भरते, आणून त्याच्यासमोर धरते. त्याला तहान नाही. पलीकडं सगळे जागे आहेत. तो सगळा तांब्या पितो.)

प्रेक्षक हसेल, आणि हसता हसता त्याला कळेल की आजची रात्रही गेली. पुढच्याच कुठल्या तरी रात्री या तपशिलाची दुसरी बाजू वापरा. त्याला ओठ वाचता येतात! कंदिलाची वात बारीक आहे, घर झोपलंय, ती आवाज न करता नुसते ओठ हलवून बोलते आणि त्याला सगळं कळतं. तिला हे पहिल्यांदाच समजतं. मग ती बोलत सुटते. लग्नानंतर पहिल्यांदा मनातलं सगळं बोलते, आणि एकही शब्द प्रेक्षकाला ऐकू येत नाही. तो फक्त त्याचा चेहरा बघतो. तिनं काय सांगितलं ते संहितेत लिहून ठेवा, नटीला पाठ करू द्या, पण कोणाला ऐकवू नका. तुम्ही विचारलं होतं की जवळीक कशी दाखवायची. माझं उत्तर हा प्रसंग आहे.

यातूनच मामाच्या प्रसंगाकडे येते. तो काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. अत्याचार घडत नव्हते किंवा त्यावर लिहू नये, असं मी म्हणत नाही. तो स्वतंत्र नाटकाचा विषय आहे आणि त्याला पूर्ण नाटक द्यायला हवं. इथं तो उत्तरपत्रिकेसारखा शेवटी येतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, ‘अच्छा, म्हणून होय!’ आणि आधीचा दीड तास एका कोड्यात जमा होतो. सगळा भार एका वाईट माणसावर जातो, तोही आता मेलेला. ज्या बायकांच्या आयुष्यात असं काही घडलेलं नसतं त्यांचंही शरीर आखडतं, हे तुमच्या प्रेक्षकांतल्या कितीतरी जणींना माहीत असतं. योनिमार्गाभोवतीचे स्नायू इच्छेविरुद्ध आवळले जातात, वेदना होतात, वेदनेच्या भीतीनं पुढच्या वेळी ते आणखी आवळतात. डॉक्टर याला व्हजायनिस्मस म्हणतात. ती नकार देत नसते, हट्ट करत नसते, तिचं प्रेमही कमी नसतं. वाढवताना ‘पाय मिटून बस’, ‘हसू नको’, ‘अंगाला कोणी शिवता कामा नये’ एवढंच शिकवलं आणि मग एका रात्रीत सगळं उलटं करायला सांगितलं, तरी ते पुरेसं कारण असू शकतं. कधी तेवढंही सापडत नाही. आज यावर चांगले उपचार आहेत आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा लैंगिक समस्यांच्या डॉक्टरकडे दोघांनी मिळून जाण्यात काही कमीपणा नाही. प्रयोगानंतर कोणी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, आणि कोणी तरी विचारेलच, तर हे सांगा.

तुमच्या पात्रांना मात्र यातलं काही माहीत नसणार. दुसऱ्या अंकातला डॉक्टर ‘दोघांनी मिळून उपचार घ्या, घाई न करता आधी फक्त स्पर्शाचा सराव करा’ असं सांगतो. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांचं पुस्तक आलं १९७० साली. सोलापूरचा डॉक्टर १९६२ मध्ये ते बोलू शकत नाही. तो टॉनिक लिहून देईल, ‘एक मूल झालं की सगळं ठीक होतं’ म्हणेल, फार तर नवऱ्याला बाजूला घेऊन बायकोला धाक दाखवायला सांगेल. तसाच निरोध. तो बाजारात आला १९६८ मध्ये, तेव्हा तो संवाद काढा. ‘स्पेस’, ‘ट्रॉमा’, ‘कम्फर्टेबल’ हे शब्दही नायिकेच्या तोंडी नकोत. ती नवऱ्याला ‘अहो’ म्हणेल, आणि त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलताना ‘हे’ किंवा ‘घरचे’.

ज्ञानाची एक खिडकी मात्र त्या काळात खरोखर होती. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक ज्ञान देणारं मासिक १९२७ ते १९५३ चालवलं. खटले झाले, दंड झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. त्या मासिकाचा एखादा जुना अंक चाळीतल्या कोणा मास्तरच्या ट्रंकेत, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला, असू शकतो. नायकाचं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि नायिका सातवी पास, हे तुम्हीच लिहिलंय. मग तो अंक त्याच्या हाती येऊ द्या आणि वाचून दाखवायची वेळ तिच्यावर येऊ द्या. त्या मासिकातला मजकूर उचलू नका. तिनं पान उघडलं, दोन ओळी मनात वाचल्या आणि थांबली, एवढं पुरे.

कायद्याचा उल्लेख तुम्ही केलाय तो बरोबर आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली नपुंसकत्वाच्या कारणानं विवाह रद्द करून मागता येत होता. पण तेव्हा कलमाचे शब्द लग्नाच्या वेळच्या आणि दाव्यापर्यंत टिकलेल्या नपुंसकत्वाबद्दलचे होते. शरीरसंबंध न होण्याचा स्पष्ट उल्लेख १९७६ च्या दुरुस्तीनं आला, तो तुमच्या वकिलाच्या तोंडून काढा. खरं तर वकीलच काढा. अशा घरात कोर्टाची पायरी कोण चढतंय? मुलीला ‘चार दिवस’ माहेरी धाडतात आणि परत न्यायला कोणी जात नाही, इतकंच.

चीनच्या युद्धाचा प्रसंग मला आवडला. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण आणि बार्शीला रेडिओभोवती बसलेलं सासर, हे ठेवा. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांचा संदर्भ गाळा. सोलापूरकर म्हणून तो आणावासा वाटतो हे मी समजू शकते, पण तो माणूस इतका मोठा आहे की चार ओळींत आला तरी तुमचं जोडपं झाकून टाकतो.

आता सिद्धेश्वराचं लग्न. बाराव्या शतकातल्या या योग्यावर कुंभारकन्येचा जीव जडला, त्यानं संसार नाकारला आणि शेवटी तिचं लग्न त्याच्या योगदंडाशी लागलं, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता आणि त्यानंतर होम मैदानावर होमविधी, तिच्या अग्निप्रवेशाचा. स्पर्शावाचून झालेलं लग्न आणि शेवटी जळणारी नवरी. तुमच्या नायिकेची ती पहिली संक्रांत आहे. काळं लुगडं, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला आलेल्या बायका आणि त्यांचं ‘मग, काही विशेष?’. याच दिवसांत ती बाई अक्षतांच्या गर्दीत नवऱ्याशेजारी उभी राहते. कोणत्याही पात्राला हे साम्य बोलून दाखवू देऊ नका. सूत्रधार तर अजिबात नको. मूठभर तांदूळ हातात असताना तिचा हात किती वेळ वर जात नाही, तेवढं दाखवा.

शेवटही तिथंच शोधा. १९६३ साली चाळीतलं जोडपं रात्री तलावाकाठी दोघंच बसून भांडेल कसं? त्यांना तिथं जाऊ कोण देईल? एकांत मिळायची एकच जागा या गावात होती, ती म्हणजे गड्ड्याची, सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी. घरचे मागे राहिलेत, आजूबाजूला हजार अनोळखी माणसं, पिपाण्या, पाळणे, धूळ. तिथं तो हवं तेवढ्या मोठ्यानं बोलू शकतो. तिथं त्यांचं जे व्हायचं ते होऊ द्या. ती बार्शीची गाडी पकडेल किंवा दोघं पाळण्यात बसतील. मला दोन्ही शेवट पटतील, फक्त कोणा एकाची चूक सिद्ध करून ते येऊ नयेत.

तालमीबद्दल थोडं, पण हे टाळू नका. हौशी संस्थेत नट-नटी नोकरी करून येतात, त्यांना घर असतं, गाव लहान असतं. स्पर्शाची प्रत्येक जागा आधी कागदावर ठरवा: कुठला हात, कुठे, कोणत्या वाक्यावर, आणि कुठे सुटतो. दोघांचा होकार दोघांसमोर घ्या, आणि तालमीत कधीही तो मागे घेता येईल हे आधीच सांगा. ठरल्याबाहेर ‘भावनेच्या भरात’ काहीही होता कामा नये. त्या प्रसंगाच्या तालमीला दिग्दर्शकाशिवाय आणखी एक जबाबदार बाई हजर हवी आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर. नटीच्या घरच्यांना संहिता वाचायला द्या, ऐन प्रयोगाला कळण्यापेक्षा ते बरं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता वेळेत पाठवा. वर सांगितल्याप्रमाणे लिहिलंत तर त्यात आक्षेप घ्यायला फारसं काही उरणार नाही, कारण जे घडतं ते बहुतेक सगळं दोन अंगांच्या मधल्या अंतरात घडतं.

दुसरा अंक नव्यानं लिहायच्या आधी एक काम करा. साठ-पासष्टच्या सुमाराला सून म्हणून आलेल्या बायका आज ऐंशीच्या आसपास आहेत, जुन्या गिरणीच्या बाजूला, पूर्व भागात, पेठांमधून. कोणी मराठी बोलेल, कोणी तेलुगू, कोणी कन्नड. त्यांच्याकडं जा, पण ‘पहिल्या रात्री काय झालं’ असं विचारू नका. खोलीत कोण कुठं झोपायचं, तेवढं विचारा. बाकीचं त्या स्वतःहून सांगतील, आणि वही आत ठेवलीत तर जास्त सांगतील.